इंजिनांतील सांखळीचा आवाज



मोटारीच्या इंजिनाच्या पुढल्या अंगास, एका पत्र्याच्या झांकणाखालीं, तेलांत न्हालेली एक सांखळी फिरत असते. ज्या घरीं तीस वर्षें मोटार आहे त्या घरच्या माणसांनींहि ती बहुधा कधीं पाहिलेली नसते. मिस्त्री लोक तिला ‘टायमिंग चेन’ म्हणतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ही इंजिनाची वेळ राखणारी सांखळी. तिचा परिचय डोळ्यांना होत नाहीं. होतो तो कानांना, आणि तोहि ती झिजूं लागल्यावर. तेव्हां नभोवाणीवरून, म्हणजे केवळ कानांच्या मार्गानें, तिची हकीकत सांगणें सयुक्तिकच म्हटलें पाहिजे.

या सांखळीच्या इतिहासांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. तिचा आवाज कसा कमी करावा, या ध्यासापायीं माणसानें अनेक युक्त्या योजल्या आणि त्यांत त्याला पुष्कळ यशहि आलें. परंतु आवाज जसजसा कमी झाला, तसतशी त्या आवाजांतून मिळणारी पूर्वसूचनाहि कमी झाली. शांतता मिळाली, पण इशारा गेला. हा व्यवहार फायद्याचा झाला कीं तोट्याचा, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम या सांखळीचें काम काय, तें पाहूं. १८७६ सालीं जर्मनींत निकोलाउस ओट्टो यानें चार टप्प्यांत चालणारें इंजिन सिद्ध केलें. मोटारीच्या पेट्रोल-इंजिनाची चाल अद्याप तीच आहे. पहिल्या टप्प्यांत दट्ट्या खालीं येतो आणि हवा व इंधन आंत ओढलें जातें. दुसऱ्यांत तो वर जाऊन तें मिश्रण दाबतो. तिसऱ्यांत ठिणगी पडून मिश्रण पेटतें व दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. चौथ्यांत तो पुन्हां वर येऊन जळका धूर बाहेर काढून देतो. या चार टप्प्यांत क्रँक शाफ्ट, म्हणजे दट्ट्यांच्या जोरानें फिरणारा मुख्य दांडा, दोन फेरे घेतो. झडपा उघडणारा दुसरा दांडा, ज्याला कॅम शाफ्ट म्हणतात, त्यानें मात्र तेवढ्याच वेळांत एकच फेरा घेतला पाहिजे. कारण प्रत्येक झडप चार टप्प्यांत एकदांच उघडावयाची असते. मुख्य दांडा मिनिटास तीन हजार फेरे करीत असेल, तर सेकंदास त्याचे पन्नास फेरे होतात व कॅम शाफ्टचे पंचवीस. हें दोहोंस एकाचें प्रमाण क्षणभरहि ढळतां कामा नये. तें सांभाळणें हेंच आपल्या सांखळीचें काम.

सारें आयुष्य शाळेच्या घंटेवर गेलेल्या मास्तरास ही व्यवस्था समजावून घ्यावयास फारसा वेळ लागत नाहीं. घंटा पांच मिनिटें उशिरां झाली, तर मुलें तींच, शिक्षक तेच व पुस्तकेंहि तींच असून सगळ्या शाळेचा घोटाळा होतो. इंजिनांतहि पेट्रोल चांगलें, ठिणगी चांगली, दट्ट्ये चांगले. पण झडप उघडण्याची वेळ चुकली तर सगळें असून नसल्यासारखें होतें.

अगदीं प्रारंभींच्या मोटारींत या दोन दांड्यांची गांठ बहुधा दांतेरी चाकांनीं घातलेली असे. हेन्री फोर्ड यानें १९०८ सालीं बाजारांत आणलेल्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटारींतहि हीच योजना होती. चाकास चाक भिडलेलें असल्यामुळें वेळ चुकण्याची धास्ती थोडी. पण या योजनेंत दोन उणिवा होत्या. एक तर हीं चाकें आवाज फार करीत. आणि दुसरें असें कीं दोन दांडे एकमेकांपासून दूर असले, म्हणजे चाकें तरी मोठीं करावीं लागत, किंवा मध्यें आणखी चाकें तरी बसवावीं लागत. दूरच्या दोन चाकांना एकत्र बांधणारें कांहीं तरी लवचीक, परंतु न घसरणारें साधन हवें होतें. तें साधन दुसऱ्याच एका धंद्यांत तयार होत होतें.

सांखळीच्या योगानें एका चाकानें दुसऱ्या चाकास फिरवावें, ही कल्पना फार जुनी आहे. लिओनार्दो दा विंची याच्या टिपणवह्यांत अशा सांखळ्यांचीं रेखाटनें आहेत. पुढें फ्रान्समधील आंद्रे गाल या गृहस्थाचें नांव एका जातीच्या सांखळीस मिळालें. हा मूळचा पदकांवर चित्रें कोरणारा कलावंत. त्याच्या सांखळींत पट्ट्या व खिळा एवढाच संसार होता. प्रत्येक खीळ पातळ पट्टीच्या भोंकाच्या कडेवर घासत राही; घर्षण सगळें त्या अरुंद कडेवर येई; आणि म्हणून अशी सांखळी सावकाश वजन उचलण्यास ठीक असली, तरी वेगानें फिरूं लागली कीं लवकर झिजून जाई.

ही अडचण ज्यानें दूर केली त्याचें नांव हान्स रेनॉल्ड. हा स्वित्झर्लंडमधील आराऊ गांवीं १८५२ सालीं जन्मला आणि १८७३ सालीं नशीब काढावयास मँचेस्टर येथें आला. ज्या मँचेस्टरचें कापड आपल्या पणजोबांच्या काळीं मुंबईच्या बाजारांत उतरत असे, तेंच हें शहर. तेथील कापडाच्या यंत्रांना सांखळ्या लागत. त्या तयार करणारा जेम्स स्लेटर याचा सॅलफर्ड येथील लहानसा कारखाना रेनॉल्डनें १८७९ सालीं विकत घेतला व पुढल्याच वर्षीं, म्हणजे १८८० सालीं, आपल्या नव्या सांखळीचें पेटंट मिळविलें.

त्याची युक्ति ऐकावयास साधी आहे. आंतल्या दोन पट्ट्यांमध्यें त्यानें एक बारीक पोलादी नळी घट्ट बसविली. हिला ‘बुश’ म्हणतात. बाहेरच्या पट्ट्यांची खीळ या नळींतून आरपार जाते. आतां खीळ पट्टीच्या कडेवर न घासतां नळीच्या सबंध लांबीभर टेकून फिरूं लागली. नळीवर आणखी एक मोकळा रूळ बसविला असल्यामुळें चाकाच्या दांत्यावर सांखळी घासत न जातां लोळत जाते. जो भार पूर्वीं सुताएवढ्या कडेवर पडत होता, तो पसरून गेला आणि सांखळीचें आयुष्य कितीतरी वाढलें. आपल्या मुलांच्या सायकलीची सांखळी उद्यां जरा निरखून पाहावी. रेनॉल्डची ही सबंध युक्ति तींत दिसेल. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ सायकल काढली. तिचें मागचें चाक सांखळीनें फिरे. तेव्हांपासून सायकलीचा आणि सांखळीचा जो संबंध जुळला तो आजतागायत सुटलेला नाहीं.

येथपर्यंत प्रश्न झिजेचा होता. पुढें प्रश्न आला तो आवाजाचा. १८९५ सालीं रेनॉल्डनें निराळ्या धर्तीची एक सांखळी काढली. हिच्यांत रूळ नसून पुष्कळ पातळ पट्ट्या एकमेकींस लागून बसविलेल्या असतात, व त्या पट्ट्यांनाच आंतल्या बाजूनें दांते असतात. चाकाच्या दांत्यांत ही सांखळी धाडकन् न पडतां हळूहळू बसत जाते. तिला ‘मूक सांखळी’ असेंच नांव मिळालें.

ही मूक सांखळी मोटारीच्या इंजिनांत मानानें मिरवूं लागली ती एका अमेरिकन गृहस्थाच्या तक्रारीमुळें. चार्ल्स नाइट हा शिकागोंत दूधदुभत्याच्या व्यापाराविषयीं पत्र चालवीत असे. आपल्या मोटारीच्या झडपांची टकटक त्याला असह्य झाली. दुसरा कोणी असता तर त्यानें गाडी विकून टाकली असती. यानें झडपाच काढून टाकण्याचा निश्चय केला. त्यानें तयार केलेल्या इंजिनांत झडपांच्या ऐवजीं दट्ट्याभोंवतीं वर-खालीं सरकणाऱ्या नळ्या होत्या, आणि त्या नळ्यांना हलविणारा दांडा सांखळीनें फिरविलेला होता. १९०८ सालीं इंग्लंडांतील डेमलर कंपनीनें हें इंजिन स्वीकारलें. श्रीमंत गिऱ्हाइकांना त्याची शांतता फार आवडली. तें तेल पुष्कळ जाळी व त्याची घडणहि खर्चाची होती, म्हणून कालांतरानें तें मागें पडलें. परंतु मोटार चालतांना इंजिन ऐकूं येऊं नये, ही अपेक्षा मात्र लोकांच्या मनांत कायमची बसली.

पुढल्या दशकांत ही अपेक्षा महाग गाड्यांवरून मध्यम किंमतीच्या गाड्यांपर्यंत उतरली, आणि दोन दांड्यांना जोडण्यासाठीं पुष्कळ कारखाने सांखळी वापरूं लागले. कोठें मूक सांखळी, तर कोठें रुळाची. रुळाची सांखळी स्वस्त व हलकी. आणि तिच्या दोन रांगा शेजारीं शेजारीं घातल्या म्हणजे ती बळकटहि होई. कॉव्हेंट्रीच्या जॅग्वार कारखान्यानें १९४८ सालीं जें नवें इंजिन लोकांपुढें आणलें, त्यांत कॅम शाफ्ट दोन होते आणि दोन्ही थेट माथ्यावर. तळाशीं असलेल्या मुख्य दांड्यापासून माथ्यापर्यंतचें अंतर एका लांब सांखळीनें न तोडतां, तेथें दुहेरी रांगांच्या सांखळ्यांचे दोन मजले केले होते. खालच्या सांखळीनें मधलें चाक फिरवावें आणि मधल्या चाकानें वरची सांखळी. या कुळांतील इंजिन १९९२ पर्यंत तयार होत होतें, यावरून ही रचना किती पक्की होती याची कल्पना येईल.

आपल्या देशांतील मध्यमवर्गास मोटार माहीत झाली ती मुख्यत्वें दोन गाड्यांमुळें, आणि या दोन्ही गाड्यांच्या इंजिनांत सांखळीच होती. १९४२ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्स कंपनीनें इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून ‘अँबॅसेडर’ तयार केली. तिचें बहुतेकांच्या ओळखीचें पेट्रोल-इंजिन १४८९ सी. सी. चें. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहानें १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें मुंबईंत कुर्ला येथें इटलीच्या फियाट ११०० या गाडीचें उत्पादन केलें. तिलाच १९७० नंतरच्या दशकांत ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. इंजिन १०८९ सी. सी. चें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींची दोन पिढ्यांची रोजी या गाडीवर चालली. टॅक्सीचें इंजिन दिवसपाळीस एका हातीं व रातपाळीस दुसऱ्या हातीं फिरत असे. अशा ठिकाणीं झांकणाआडची सांखळी झिजणें हा चमत्कार नसून हिशेबाचा भाग होता.

हा हिशेब कसा होतो, तें समजून घेण्यासारखें आहे. ‘चेन वाढली’ असें मिस्त्री म्हणतात, तेव्हां आपणांस वाटतें कीं पोलाद रबरासारखें ताणलें गेलें. वस्तुतः पट्ट्या होत्या तेवढ्याच राहतात. झिजते ती प्रत्येक खीळ आणि तिची नळी. समजा, सांखळीस पन्नास कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यांत इंचाचा केवळ एक हजारावा भाग झिजला. तो भाग डोळ्यांस दिसावयाचा नाहीं, नखासहि लागावयाचा नाहीं. पण पन्नास सांध्यांची बेरीज इंचाचा विसावा भाग होते, म्हणजे सव्वा मिलिमीटरांहून किंचित् अधिक. थेंबें थेंबें तळें सांचे, तें असें. त्यांत तेल वेळेवर बदललें नाहीं, तर तेलांतील काजळी आणि धातूचा कीस खीळ व नळी यांच्या मध्यें शिरून शेंदूर वाटावा तसें त्यांना वाटूं लागतात, आणि मग ही बेरीज फार लवकर वाढते.

सांखळी लांब झाली कीं कॅम शाफ्ट मुख्य दांड्याच्या थोडा मागें पडतो व झडपा उशिरां उघडूं लागतात. फार ढिली झाली तर एखादे वेळीं ती दांत्यावरून उडीहि मारते. मुख्य दांड्याच्या चाकास अठरा दांते व कॅम शाफ्टच्या चाकास छत्तीस आहेत असें धरूं. एक दांता चुकला म्हणजे मुख्य दांड्याच्या हिशेबीं वीस अंशांची चूक झाली. इंजिन खोकूं लागतें, चढावर दम टाकतें, पेट्रोल अधिक खातें. आणि अधिक दांते सुटले तर मुळीं चालूच होत नाहीं.

गंमत अशी कीं या दुखण्यांत दोष भलत्यासच दिला जातो. गाडी ओढीत नाहीं म्हटल्याबरोबर कार्ब्युरेटर उघडला जातो, प्लग बदलले जातात, टॅपेटांची फट पुनःपुन्हां मोजली जाते. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! जुना जाणता मिस्त्री मात्र प्रथम कान देई. सकाळीं थंड इंजिन सुरू होतांच, किंवा वेग देऊन पाय काढून घेतल्याबरोबर, इंजिनाच्या पुढल्या तोंडाशीं जर खडखड ऐकूं आली, तर त्याचा संशय सांखळीकडे जाई. मग तो डिस्ट्रिब्यूटरचें टोपण काढी. ठिणगी वांटून देणारें हें यंत्र या जुन्या इंजिनांत कॅम शाफ्टवरून फिरतें. मुख्य दांडा पान्यानें किंचित् पुढें व किंचित् मागें फिरवावयाचा, आणि डिस्ट्रिब्यूटरचा रोटर केव्हां हलूं लागतो तें पाहावयाचें. मुख्य दांडा बराच फिरला तरी रोटर स्वस्थ राहिला, तर मधली ढिलाई कोणाची हें उघड झालें. या परीक्षेस एक पैसाहि पडत नाहीं व झांकणहि काढावें लागत नाहीं.

निदान झाल्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे सांखळी बदलणें. अँबॅसेडरसारख्या इंजिनावर हें काम कसें करतात, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम पाणी काढून रेडिएटर उतरवावा लागतो. नाहीं तर हात शिरावयास जागाच नसते. मग पंख्याचा पट्टा निघतो. मुख्य दांड्याच्या टोंकावरील पुली एका मोठ्या नटानें आवळलेली असते, आणि तो नट सुटूं नये म्हणून त्याखालच्या चकतीची कड वर वळवून ठेविलेली असते. पूर्वीं इंजिन हातानें सुरू करण्याचें हँडल ज्या खांचेंत अडकवीत, ती याच नटावर. ती कड सरळ करून, नट सोडवून, पुली ओढून काढली कीं मग पत्र्याचें झांकण निघतें आणि प्रथमच सांखळीचें दर्शन होतें.

येथें घाई उपयोगाची नाहीं. दोन्ही चाकांवर कारखान्यानें एकेक खूण केलेली असते. मुख्य दांडा सावकाश फिरवून त्या दोन खुणा समोरासमोर आणावयाच्या. इंजिन बनविणाऱ्या लोकांनीं पुढें कधीं तरी तें उघडणाऱ्या अनोळखी कारागिराला ठेविलेली ही चिठ्ठीच म्हणावयाची. खुणा जुळल्या म्हणजे दोन्ही चाकें सांखळीसकट, थोडें इकडून व थोडें तिकडून रेटीत, एकदमच बाहेर काढावयाचीं. जुनी सांखळी व नवी सांखळी शेजारीं शेजारीं धरल्या कीं फरक दिसतो. जुनी आडवी धरली तर कमान होऊन खालीं लोंबते. नवी बरीच ताठ राहते.

या ठिकाणीं पुष्कळ जण काटकसर करावयास जातात. सांखळी नवी आणतात आणि चाकें जुनींच ठेवतात. पण झिजलेल्या सांखळीबरोबर फिरून फिरून चाकांचे दांतेहि आंकड्यासारखे वांकडे झालेले असतात. त्यांवर नवी सांखळी चढविली तर ती नीट बसत नाहीं व लवकर झिजते. रेडिएटर उतरविण्यापासूनची सगळी मजुरी पुन्हां द्यावी लागते. म्हणून सांखळी, दोन्ही चाकें, जेथें सांखळी ताणून धरणारा टेन्शनर असेल तेथें तोहि, आणि झांकणाचें तेल अडविणारें सील, हीं एकाच वेळीं बदलावींत. नवीं चाकें एका पातळींत आहेत कीं नाहींत हें सरळ पट्टी लावून पाहावें. फरक असल्यास मुख्य दांड्यावरील चाकामागें पातळ चकत्या घालून तो काढून टाकतां येतो.

मग पुन्हां खुणेस खूण लावून चाकें व सांखळी एकदमच बसवावयाचीं. यानंतरची पायरी गाळणारा मिस्त्री कितीहि हुशार असला तरी त्याच्या हातीं गाडी देऊं नये. मुख्य दांडा हातानें पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा परत समोरासमोर येतात कीं नाहीं, हें पाहिलेंच पाहिजे. हातानेंच कां? कारण कोठें कांहीं अडलें तर हाताला तें कळतें व हात थांबतो. स्टार्टरला तें कळत नाहीं. खुणा जुळल्यावर झांकण लावावें आणि ठिणगीची वेळ नव्यानें जुळवून घ्यावी. कारण जुन्या ढिल्या सांखळीस धरून लावलेली वेळ नव्या सांखळीस लागू पडत नाहीं. एका दिवसाचें काम. तेवढ्यानें म्हातारें झालें असें वाटणारें इंजिन पुष्कळदां तरतरीत होतें.

या सगळ्या प्रकरणांत सांखळीचा एक मोठा गुण दिसून येतो. ती बहुधा एकाएकीं दगा देत नाहीं. आधीं पुष्कळ दिवस कुरकुर करते. परंतु शांततेच्या ध्यासापुढें हा गुण दोष ठरला. अमेरिकेंत १९६० नंतरच्या काळांत कित्येक मोठ्या इंजिनांच्या कॅम शाफ्टच्या चाकांना नायलॉनचे दांते बसवूं लागले. पोलादी सांखळी नायलॉनवर पडली कीं आवाज होत नाहीं. कांहीं वर्षांनीं उष्णतेनें नायलॉन ठिसूळ झालें, दांते तुटून तेलाच्या टांकींत पडूं लागले, व तेथें तेल ओढून घेणाऱ्या जाळीस जाऊन चिकटूं लागले. चाक मुकें झालें खरें, पण त्याच्या मुकेपणाची किंमत कधीं कधीं सबंध इंजिनास भरावी लागली.

याहून मोठा पालट जर्मनींत झाला. बव्हेरियांतील ग्लास नांवाच्या एका लहान कंपनीनें १९६२ पासून ‘१००४’ ही गाडी विकावयास काढली. तिच्या इंजिनांत सांखळीऐवजीं आंतून दांते असलेला रबरी पट्टा होता. मोठ्या संख्येनें तयार झालेल्या मोटारींत असा पट्टा येण्याची ही पहिलीच वेळ. पट्टा स्वस्त, हलका, त्याला तेल नको आणि आवाज तर जवळ जवळ नाहींच. ती कंपनी १९६६ सालीं बी. एम. डब्ल्यू. कंपनींत विलीन झाली, पण पट्टा जगभर पसरला. मात्र पट्टा झिजतो तो न बोलतां. आज ठीक चालत आहे म्हणतां म्हणतां तो तुटतो. पुष्कळ इंजिनांत उघडी झडप व वर आलेला दट्ट्या यांना एकाच जागेंत यावें लागतें; ज्याची त्याची वेळ पाळली तरच त्यांची गांठ पडत नाहीं. पट्टा तुटतांच कॅम शाफ्ट थांबतो, मुख्य दांडा फिरतच राहतो, आणि दट्ट्ये उघड्या झडपांवर आपटून त्या वांकवून टाकतात. म्हणून अमुक इतक्या किलोमीटरांनीं किंवा अमुक वर्षांनीं पट्टा बदलावा असा नियम कारखान्यांना घालून द्यावा लागला. जें कानानें कळत होतें, तें आतां वहींत लिहून ठेवावें लागूं लागलें.

अलीकडे अनेक कारखाने पुन्हां सांखळीकडे वळले आहेत. पण ही सांखळी पूर्वीची नव्हे. ती पुष्कळदां बारीक असते, लांब असते, आणि तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर तिची ढिलाई बराच काळ झांकून धरतो. कांहीं इंजिनांत तर ती पाठीमागें, गिअरबॉक्सच्या बाजूस असते. तेथपर्यंत पोंचावयाचें तर इंजिन किंवा गिअरबॉक्स बाहेर काढावा लागतो. अशा सांखळीविषयीं ‘बदलण्याची गरज नाहीं, ती आयुष्यभर टिकेल’ असें सांगण्यांत येतें. आयुष्य कोणाचें, हा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो. सांखळी टिकेल तोंवरच इंजिनाचें आयुष्य, असा अर्थ घेतला तर तें विधान केव्हांहि खरेंच ठरेल! झांकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मुठींत काय आहे हें कधीं तरी पाहावेंच लागतें.

अँबॅसेडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सींचा वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवट झाला. आतां या गाड्या उरल्या आहेत त्या हौशी लोकांच्या घरीं. त्यांची निगा राखणारे मिस्त्रीहि पांगत चालले आहेत. कोणी म्हणेल कीं विजेवर चालणाऱ्या मोटारींत झडपा नाहींत, कॅम शाफ्ट नाहीं, तेव्हां सांखळीची कथा आतां हवी कशाला? त्यावर माझें म्हणणें एवढेंच कीं आज आपल्या रस्त्यांवर ज्या असंख्य पेट्रोल व डिझेल गाड्या धांवत आहेत, त्यांपैकीं प्रत्येकींत झडपांची वेळ सांभाळणारें कांहीं ना कांहीं आहे, आणि तें झिजत आहे. आपल्या गाडींत सांखळी आहे कीं पट्टा, हें बहुतेक मालकांना ठाऊक नसतें. तें उद्यांच विचारून घ्यावें. पट्टा असेल तर तो केव्हां बदलला याची नोंद पाहावी. जुनी गाडी विकत घेतली असेल व नोंद सांपडत नसेल, तर तो बदललाच नाहीं असें समजून चालावें. सांखळी असेल तर तेल वेळच्या वेळीं बदलावें, कारण तिचें आयुष्य त्या तेलावर अवलंबून आहे.

आणि शेवटची सूचना. सकाळीं गाडी सुरू केल्यावर पहिलें मिनिटभर खिडकी उघडी ठेवावी व गाडींतील रेडिओ बंद ठेवावा. नभोवाणीवर बोलणाऱ्या माणसानें असा सल्ला द्यावा, हें थोडें विचित्र दिसेल खरें. पण आमचें भाषण मिनिटभरानें ऐकलें तरी चालेल. सांखळीचें आधीं ऐकून घ्यावें.